आमची काही हरकत नाही, पण…

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर दोन प्रकारचे कागद लागतात. एक, लोक वाचतात ते: 'उद्या पाणी येणार नाही.' दुसरे, लोक वाचत नाहीत ते: बाकी सगळे. अग्निशमनाची नोटीस खरं तर दुसऱ्या प्रकारातली. पण तिच्या शेवटच्या परिच्छेदात 'पाणी' हा शब्द आला होता, म्हणून ती वाचली गेली. आग विझवण्याची साधनं मुदतीत बसवा, नाहीतर इमारतीची वीज आणि पाणी तोडण्यात येईल, असा त्या परिच्छेदाचा आशय होता.

तळमजल्यावरचे नाना फळ्यासमोर चष्मा वरखाली करत बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "आग विझवायला आपल्याकडे पाण्याची सोय नाही, म्हणून आहे ते पाणीही तोडणार?"

"कायद्यात तसं आहे, नाना."

"मग आग कशाने विझवायची?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नव्हतं. कायद्याचं नाव 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006'. हे नाव एका दमात म्हणेपर्यंत एखादी लहानशी आग आपणहून विझून जाते. कायदा सांगतो ते मात्र सरळ आहे. इमारतीत आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी. साधनं परवानाधारक एजन्सीकडून बसवून घ्यायची, बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए. त्यानंतर दर जानेवारीत आणि दर जुलैत, साधनं ठणठणीत आहेत असा दाखला द्यायचा, तो फॉर्म बी. थोडक्यात, वर्षातून दोनदा सोसायटीने आपण जळायला तयार नसल्याचं लेखी कळवायचं.

आमची इमारत दादरची, तळमजला अधिक सात, 1970 च्या दशकातली. बिऱ्हाडं तीस. तेव्हापासून आमची अग्निसुरक्षा म्हणजे फाटकाजवळच्या दोन लाल बादल्या. एकीत वाळू होती, ती मांजरांनी आपल्या ताब्यात घेतली. दुसरी मुलांनी स्टंप म्हणून नेली आणि ती अजून नाबाद आहे.

मी सेक्रेटरी. त्यामुळे सभा बोलावणं भाग होतं. पाणी तुटणार म्हटल्यावर गणसंख्या पहिल्याच बैठकीत पुरी झाली, अर्धा तास तहकूब करून त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसायची वेळ आली नाही. नानांनी सुरुवात केली.

"आग लागली तर मी दार उघडून चालत रस्त्यावर जाईन. मी वर्गणी कशाला देऊ?"

"आणि आम्ही?" सातव्या मजल्यावरच्या वहिनी.

"तुम्ही फ्लॅट घेताना हवेशीर म्हणून वरचा मजला घेतलात. आता हवा खा."

तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी शास्त्रीय मुद्दा मांडला. आग खालून वर जाते, पाणी वरून खाली येतं, म्हणजे मधल्या मजल्यांना दोन्हींचा त्रास. सबब मधल्यांना वर्गणीत सवलत मिळावी. चौथ्या मजल्याने पेपरात वाचलेलं सांगितलं, की मुंबईच्या अग्निशमन दलाकडे 90 मीटर उंच जाणारी शिडी आहे आणि आपली इमारत पुरती 25 मीटरसुद्धा नाही, तेव्हा पाइपबीइप हा फाजील खर्च आहे.

"शिडी आहे हो, पण ती आपल्या गल्लीत शिरणार कशी?" वहिनी म्हणाल्या. "तुमची गाडी आडवी, त्यांची तिरकी. रानडे रोडवर उभी करून इथपर्यंत वाकवायची का?"

यावर चौथा मजला म्हणाला, की त्यांची काही हरकत नाही, पण आधी तिरकी गाडी हलवा. तिरक्या गाडीचे मालक म्हणाले, त्यांचीही काही हरकत नाही, पण आधी आडवी. मग कोणीतरी परळचं नाव काढलं. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जण गेले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये चौघं. इथून हाकेच्या अंतरावर. सभा गप्प झाली. ती शांतता चहा येईपर्यंत टिकली आणि त्या शांततेत मी ठराव मंजूर करून घेतला.

तीन कोटेशनं मागवली. पहिल्या एजन्सीचं म्हणणं, दोन-चार सिलिंडर भिंतीला टांगले की झालं. दुसरी एजन्सी इतकी जागरूक होती, की तिने देवघरातसुद्धा स्प्रिंकलर काढून दाखवला, म्हणजे निरांजन लावलं की देवाला अभिषेक. तिसऱ्या एजन्सीच्या माणसाने आधी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुम्हाला पाइप हवाय की फॉर्म बी हवाय?"

आमच्या खजिनदारांचे डोळे लुकलुकले. "नुसत्या फॉर्म बीचे किती?"

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. पाइप नसताना तो ठणठणीत असल्याचा दाखला घेणं म्हणजे मूल जन्माला येण्याआधी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवणं. खजिनदार नंतर मला म्हणाले, "दाखला तर दाखला. पाइप फक्त आगीत कामाला येतो, दाखला दर सहा महिन्यांनी." हा माणूस अर्थखात्यात जायला हवा होता.

शेवटी चौथी एजन्सी पसंत पडली. तिच्या इंजिनियरने आम्हाला गच्चीवर नेऊन सगळं समजावलं. "इथे पाण्याची टाकी, टाकीला बूस्टर पंप, तिथून खाली सी क्लासचा जाड पाइप, त्याला डाऊन कमर म्हणायचं. प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह, होज रील आणि होज बॉक्स. खाली फाटकाशी इनलेट, म्हणजे बंब आला की तिथून पाणी वर चढवणार."

"पाणी वरून खाली येणार की खालून वर जाणार?" खजिनदारांनी विचारलं. "एकदा काय ते ठरवा. पैसे दोन्हींचे लावलेत."

आता परवानग्या. गच्चीवर नवी टाकी म्हणजे नवं वजन, वजन म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियर आणि इंजिनियर म्हणजे मंजूर नकाशा. मंजूर नकाशा बिल्डरकडे असतो. आमचा बिल्डर केव्हाच वर गेला, तोही कुठली परवानगी न घेता. बरीच शोधाशोध केल्यावर नकाशा सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरींच्या पोटमाळ्यावर, पितळी परातीखाली सापडला. निळा कागद, घड्यांवर फाटलेला, आणि कसरीने नेमका जिनाच खाल्लेला. कागदोपत्री आमच्या इमारतीला जिना नव्हता. आम्ही इतकी वर्षं घरी कसे जात होतो, हा प्रश्न कुठल्याही खिडकीवर विचारला जाऊ शकत होता, आणि एका खिडकीवर तो विचारलाही गेला.

कुठल्या कचेरीत काय झालं हे सांगण्यात अर्थ नाही. कचेऱ्यांचा वास, पंखा आणि स्टुलावरचा शिपाई सगळीकडे सारखाच. टाकीसाठी भाराचा दाखला हवा होता, भाराच्या दाखल्यासाठी नकाशा, आणि नकाशाच्या नव्या प्रतीसाठी टाकीची जागा दाखवणारं पत्र. "सगळं आता ऑनलाइन झालंय," असं एका बाईंनी मला प्रेमाने सांगितलं, "म्हणून प्रिंट काढून आणा." ज्यांची सही हवी ते साहेब साइटवर असत. दुसऱ्या कचेरीतले साहेबही साइटवर. एवढे साहेब रोज साइटवर असताना या शहरात आगीची लागायची हिंमत कशी होते, हेच मला कळेना. मुंबईचं अग्निशमन दल 1887 सालचं, महापालिकेचा कायदा 1888 सालचा. म्हणजे एकेकाळी या शहरात बंब आधी आला आणि कागद वर्षभराने. तो क्रम पुढे कोणीतरी सुधारला.

लालबागचे आमचे साडू हे सगळं ऐकून हसले. त्यांची हयात गणपतीच्या मंडळात गेलेली. मंडप घालायचा तर पालिका, पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल, सगळ्यांची ना हरकत दरवर्षी नव्याने. हा माणूस परवानगीच्या रांगेत लहानाचा मोठा झालाय.

"तुम्ही जाता कसे?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? बसने."

"तसं नाही हो. एकटे जाता? हातात कापडी पिशवी घेऊन? वर 'नमस्कार, जरा माहिती हवी होती' म्हणता? मग माहितीच मिळणार. चौघांनी जायचं. त्यातल्या एकाने काही न करता नुसतं फोनवर बोलत उभं राहायचं."

त्यांनी मंडळाचा एक कार्यकर्ता माझ्याबरोबर धाडला. पोरगा विशीतला, कपाळाला टिळा, डोळ्यांत निर्धार. त्याने आमची फाइल उघडली, अनुक्रमणिका केली, कागदांना चिठ्ठ्या डकवल्या आणि कसरीने खाल्लेल्या जिन्यासाठी दुरुस्त नकाशाचा अर्ज तिथल्या तिथे लिहिला. खिडकीपलीकडच्या माणसाने ती फाइल दोन्ही हातांत धरून पाहिली. अशी फाइल पाहायला मिळावी म्हणूनच तो नोकरीला लागला असावा. मग त्याने एकच गोष्ट विचारली आणि पोराने माझ्याकडे वळून पाहिलं.

"काका, इथे तुमचं काही अडलेलं नाही. पाइप ज्यांच्या भिंतीवरून जाणार त्यांचं ना हरकत कुठाय?"

इतके दिवस मी चुकीच्या कचेऱ्यांत फिरत होतो. पालिकेत मोजक्या खिडक्या होत्या. आमच्या इमारतीत तीस होत्या, आणि त्यांपैकी निम्म्या दुपारच्या झोपेनंतर साडेचारला उघडायच्या.

प्रत्येक खिडकीवर पहिलं वाक्य तेच: "आमची काही हरकत नाही, पण…"

दुसऱ्या मजल्याची हरकत वास्तुशास्त्राची होती. "ईशान्येला अग्नी चालत नाही."

"अहो, हा अग्नी नाही, पाणी आहे."

"मग आग्नेयेला नको."

पाचव्या मजल्याला वाटलं, पाइपावरून चोर चढेल. चौथ्याची हरकत रंगाला. इमारत क्रीम रंगाची, त्यावर लालभडक पाइप बरा दिसणार नाही, तेव्हा क्रीमच लावा. पाइप लालच असतो, बंबवाल्यांना धुरातही दिसावा म्हणून, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मग बंबवाल्यांना क्रीम रंग दिसत नाही का? सहाव्या मजल्यावर दोन शेजारी आहेत, त्यांच्यात भिंत सामाईक आणि बोलणं बंद. होज रील एकाच्या दाराशेजारी येणार होती. दुसऱ्याने लेखी कळवलं, की मेंटेनन्स दोघंही सारखाच भरतात, तर आग विझवायचा मान त्यांनाच का? नानांची हरकत नव्हती, पण खालच्या व्हॉल्व्हला एक तोटी काढून मिळावी, स्कूटर धुवायला. पाचव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटचे मालक न्यू जर्सीला असतात. त्यांनी ईमेल पाठवली, की तिकडे घराघरात धूर ओळखणारं यंत्र असतं आणि ते फोडणी दिली तरी बोंबलतं, तेव्हा हा प्रकार भारतात सुरू करू नये. पंधरा वर्षांत त्यांच्या भारतातल्या घरात कोणी फोडणी दिलेली नाही.

सगळ्यांत कळस केला पहिल्या मजल्यावरच्या आप्पांनी. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊनही त्यांचा हात शिवशिवत असतो. मी सही मागायला गेलो, तर त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, आत गेले, शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले आणि समोर बसून म्हणाले, "बोला, काय काम आहे?"

"आप्पा, सकाळी दूध घेताना बोललो ना आपण!"

"तोंडी झालं ते. अर्ज आणलाय?"

अर्ज पाहिल्यावर त्यांनी जावक क्रमांक विचारला. तो नव्हता. त्यांनी मान हलवली, त्या हलण्यात एक खानदानी समाधान होतं. काकूंनी तेवढ्यात कोकम सरबत आणून ठेवलं. ते मला पिता आलं, पण सही दुसऱ्या दिवशी मिळाली. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून आप्पांनी दीड पान हरकत नसल्याचं लिहिलं होतं.

असो. पाइप लागला. लाल, सरळ, देखणा. मुलांनी त्याच्याशी फोटो काढले. वहिनींनी पंपाची पूजा करून नारळ फोडला आणि दिवाळीला चौथ्या मजल्यानेच लँडिंग व्हॉल्व्हच्या चाकाला आकाशकंदील बांधला, क्रीम रंगाचा. मग तपासणीची तारीख कळली.

आमच्या इमारतीत आता हूटर आहे, घंटा आहे, लाल बटण आहे. पण जिना रिकामा करायची ताकद एकाच घोषणेत आहे: "साहेब येणार!" वॉचमनने ती खालून दिली आणि तासाभरात आमच्या जिन्याने आपल्या पोटात काय काय दडवलं होतं ते बाहेर आलं. चपलांचे स्टँड, पंक्चर सायकली, बंदीच्या आधीची थर्माकोलची मखरं, एक अख्खा दिवाण, तांदूळ भरून ठेवलेला बंद फ्रिज, आणि एक शिवणयंत्र, ज्याच्यावर कोणीच हक्क सांगेना. जिना इतका रुंद आहे हे पाहून जुनी माणसंसुद्धा हळहळली. हे सगळं सामान गच्चीवर नेऊन पंपाभोवती रचलं आणि गच्चीला कुलूप लावलं.

साहेब आले. शांत माणूस, आवाज न चढवणारा. पहिल्या मजल्यावरचा होज बॉक्स त्यांनी उघडला. आत दोन दुधाच्या पिशव्या आणि आजचा पेपर. दुधवाल्याने ही जागा पहिल्याच आठवड्यात हेरली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये होज होता, पण पुढचा पितळी नोझल नव्हता. पितळेला भंगारात भाव असतो, त्याला पाय फुटले. तिसऱ्या मजल्यापासून वर सगळ्या बॉक्सना कुलपं, कारण दुसऱ्या मजल्यावरून आम्ही धडा घेतला होता. कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे, माझ्या किल्ल्या बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्स बायकोबरोबर भाजी आणायला गेलेली. गच्ची पाहायची म्हटली तर गच्चीची किल्ली वहिनींकडे, कुरडयांमुळे. वहिनी देवरूखला, भाचीच्या डोहाळजेवणाला.

साहेबांनी वही मिटली. "पाइप उत्तम घातलाय," ते म्हणाले. "आता आग कुठल्या मजल्यावर लागणार तेवढं आधी कळवा. त्या मजल्याची किल्ली मागवून ठेवू."

त्यांनी त्रुटींची यादी दिली, मुदत दिली आणि जाता जाता कवायत करायला सुचवलं. एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं, त्यात अग्निशमन दलाचे 66 जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात. आम्ही म्हटलं, आपणही करू.

हूटर वाजला. कोणीही बाहेर आलं नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याला फोन करून विचारलं, खरंच आहे का? मी जिन्यातून ओरडत फिरलो, तेव्हा लोक उतरू लागले. निम्मे लिफ्टने, कारण गुडघे. आगीत लिफ्ट वापरायची नसते, असं मी बजावलं, तर उत्तर आलं, "पण आग नाहीये ना!" महत्त्वाचं तेवढंच बरोबर घ्या असं सांगितलं होतं. कोणी पासबुक आणलं, कोणी मोबाइलचा चार्जर. तिसऱ्या मजल्याने तर गॅसचा भरलेला सिलिंडरच खांद्यावरून खाली आणला, म्हणाले, "कालच आलाय, वर कसा ठेवू?" देवरूखहून परतलेल्या वहिनींच्या हातात कुरडयांचं ताट होतं. खजिनदारांनी पावतीपुस्तक आणलं. सगळे थकबाकीदार एका जागी, तेही पळायच्या तयारीने उतरलेले, असे त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होते. त्या कवायतीत माणसं किती वेळात खाली आली याची नोंद कोणी ठेवली नाही. वसुलीची नोंद मात्र चोख आहे.

हे दादरचंच वैशिष्ट्य असेल असं समजून मी जरा खजील होतो. मग लालबागला साडूंच्या पुतणीच्या हळदीला गेलो. त्यांची चाळ गेली, तिथे टॉवर झाला. टॉवरमध्ये ठरावीक मजल्यांनंतर रेफ्युज एरिया असतो, आगीच्या वेळी माणसांनी येऊन थांबायची उघडी, मोकळी जागा. तिथे काही ठेवायचं नाही, ती बंद करायची नाही. पत्रिकेवर छापलं होतं, 'स्थळ: रेफ्युजी हॉल'. आत मांडव, बेंजो, हळदीची पातेली, आणि एका कोपऱ्यात मुलांसाठी कॅरम.

"साडू, ही जागा मोकळी ठेवायची असते ना?"

"मोकळीच होती," ते म्हणाले. "म्हणून तर मिळाली. सोसायटीची रीतसर परवानगी काढलीय. पुढचे तीन रविवार बुक आहेत."

गिरगावातल्या आतेभावाचं आणखी निराळं. त्याची चाळ 1940 च्या आधीची, जिना लाकडी, कठडा लाकडी, तुळया लाकडी. माणसं सोडली तर सगळं जळाऊ. ही उपकरप्राप्त इमारत, म्हणजे खिळा ठोकायचा तरी मालक, दुरुस्ती मंडळ आणि भाडेकरू संघ या तिघांचं एकमत हवं. भाडेकरू संघ दोन आहेत. पुनर्विकास होणारच आहे या भरवशावर त्यांनी साधी वायरिंगही बदललेली नाही. मी काळजीने विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे आग लागायची तर दोन्ही गटांची सही लागेल. ती कुणाच्या बापाला मिळणार नाही."

आमच्याकडे मात्र सहीशिवाय लागली.

एका रात्री मीटरच्या खोलीत ठिणग्या उडाल्या. सेवा सप्ताहात सिलिंडर कसा चालवायचा याचं प्रात्यक्षिक झालं होतं, ते शेवटपर्यंत पाहणारा माणूस एकच, आमचा वॉचमन, कारण खुर्च्या उचलायला त्याला थांबावंच लागलं. त्याने मेन स्विच पाडला, सिलिंडर काढला, पिन ओढली आणि एबीसी पावडरचा फवारा ज्वाळेच्या मुळाशी मारला. दोन मिनिटांत सगळं गार. सकाळी आम्ही उठलो तेव्हा तो खोली झाडत होता.

तातडीची सभा भरली. मला वाटलं, शाल-श्रीफळ. नाना उभे राहिले आणि म्हणाले, त्यांच्या स्कूटरवर पांढरी पावडर बसली आहे, ती कोण पुसणार? खजिनदारांनी रिफिलचा खर्च सांगितला. तिसरा मजला म्हणाला, "जुलैचा फॉर्म बी तोंडावर आहे आणि सिलिंडरचं सील तुटलंय." सभागृहात चिंतेची लाट उसळली. आप्पांनी पेन काढलं आणि मूळ मुद्द्याला हात घातला.

"वापरलं कोणाच्या परवानगीने?"

वॉचमन गप्प. त्याच्याकडे कागद नव्हता.

ठराव आला: यापुढे सोसायटीचं कोणतंही अग्निशामक साधन वापरण्यापूर्वी सचिवांची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी. मी तो वाचून दाखवला आणि कोणाची हरकत आहे का विचारलं. तीसही बिऱ्हाडं एकमुखाने म्हणाली, "आमची काही हरकत नाही." सोसायटीच्या इतिहासात प्रथमच त्यापुढे 'पण' आला नाही.

पुढच्याच आठवड्यात तिन्हीसांजेला घंटी वाजली. दारात वॉचमन, हातात सिलिंडर, धापा टाकत.

"साहेब, गल्लीत धूर दिसतोय. मारू का?"

मी खिडकीतून पाहिलं. पालिकेचा माणूस डासांसाठी धुराचं यंत्र घेऊन भर्रर्र करत चालला होता. मी तसं सांगून विषय संपवू शकलो असतो. पण वॉचमनने खिशातून घडी केलेला कागद काढला. शाळेच्या वहीचं पान, सुवाच्य अक्षर. 'प्रति, मा. सचिव. विषय: धूर.' मी आत गेलो, शर्ट घातला, पेन घेतलं आणि खुर्चीत बसून अर्ज दोनदा वाचला. तारीख होती, वेळ होती, सही होती. धुराचा रंग नमूद नव्हता. 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा मी समासात मारला आणि खाली सही केली. इतकी देखणी सही मी लग्नाच्या रजिस्टरमध्येसुद्धा केली नव्हती.